कित्ता, चौक आणि कोरा कागद

अध्यापक विद्यालयातल्या छात्राध्यापिकांच्या प्रकल्पवह्या चाळल्या तर एक चित्र हमखास भेटते. वहीच्या वेष्टनावर गेरूच्या रंगाची पट्टी आणि तिच्यावर हातात हात घालून नाचणारी पांढरी माणसे. एक त्रिकोण उलटा, त्याखाली एक सुलटा, वर डोक्याचा ठिपका, हातापायांच्या चार काड्या. मुलगी लातूरची असो, खेडची असो की पिंपरीची, माणसे तीच. आम्ही राहतो त्या संत तुकाराम नगराच्या परिसरात तीच माणसे शाळांच्या कुंपणभिंतींवर, सोसायटीच्या फाटकावर आणि दुकानातल्या कुर्त्यांवरही नाचत असतात. या चित्राला 'वारली' म्हणतात एवढे सगळ्यांना ठाऊक असते. मात्र वारली बाई हे चित्र कधी काढते, कशाने काढते, त्यात मधोमध कोण बसलेले असते, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना तो नमुना म्हणून दिला गेला आणि त्यांनी तो नीट उतरवला. पण ज्या मुली उद्या शिक्षिका होणार आहेत त्यांच्या हाती दुसऱ्या समाजाचे चित्र कसे द्यावे, म्हणजे त्या ते नुसते उतरवणार नाहीत, त्यातून स्वतःचे काही करू लागतील? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो आपल्याकडे या ना त्या रूपात उभा आहे, आणि त्याला मिळालेली उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

सुरुवात मुंबईत झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली तिथे कलाशाळा निघाली, तीच आपली 'जे.जे.'. त्या काळच्या अशा शाळांमागे चित्रकार घडवण्यापेक्षा कारागिरांचा हात सुधारण्याचा विचार अधिक होता, आणि तो विचार आला होता लंडनहून. १८५१ साली तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात इंग्लंडच्या यंत्रांनी सगळ्यांना थक्क केले, पण त्या यंत्रांतून निघालेल्या मालावरची नक्षी फारच सुमार आहे, असे खुद्द इंग्रज जाणकारांनाच वाटले. त्याच प्रदर्शनातल्या हिंदुस्थानी कापडाची आणि धातुकामाची मात्र त्यांनी वाखाणणी केली. मग हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी आपल्या देशासाठी चित्रकलेचा तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम बसवला. पुढे तो साउथ केन्सिंग्टनची पद्धत म्हणून ओळखला गेला. आधी पट्टीने रेघा, मग छापील नमुन्यावरून बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या ठोकळ्यावरून छायाप्रकाश, असे चढत जायचे. स्वतःच्या मनाने रचना करण्याची पाळी अगदी शेवटी यायची, आणि बहुतेकांची ती येतच नसे. गंमत अशी की हिंदुस्थानी नक्षीपुढे आपली नक्षी फिकी पडते म्हणून इंग्रजांनी स्वतःसाठी काढलेले हे औषध लवकरच हिंदुस्थानालाच पाजण्यात आले.

१८७९ साली शाळांसाठी चित्रकला या विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि १८९३ साली जे.जे.मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. म्हणजे शिक्षकच कित्त्यावर घडला. जे हाताला लागले तेच त्याने पुढे दिले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आपल्या ओळखीच्या आहेत. आज त्या राज्याचे कला संचालनालय घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांतली विषयांची मांडणी पाहिली की त्या जुन्या घराची वीट इथे अजून ओळखू येते.

ही पद्धत सरसकट टाकाऊ होती असे आम्हाला वाटत नाही. पेशीची आकृती काढताना जी शिस्त लागते ती हीच. समोर जे आहे तेवढेच काढायचे, मनातले घालायचे नाही. प्रयोगवहीत फुलाचा छेद काढणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुचित्राचा सराव झालेला असेल तर फरक लगेच दिसतो. शिवाय हजारो उत्तरपत्रिका सारख्या मापाने तपासायच्या तर कित्त्याएवढे सोयीचे दुसरे काही नाही. अडचण अशी की जे तपासायला सोपे तेच शिकवले जाऊ लागते.

त्याच जे.जे.मध्ये दुसरीही एक गोष्ट घडत होती. १८६५ साली आलेले जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करवून घेत. आपल्या विद्यार्थ्यांसमोर ग्रीक पुतळ्यांबरोबर इथलाही नमुना असावा, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. हीही शेवटी नक्कलच होती. पण पेस्तनजी बोमनजींसारखे जे तरुण अंधाऱ्या लेण्यात बसून एकेक बोट, एकेक पापणी उतरवत होते त्यांचा हात आणि डोळा तिथेच तयार झाला. म्हणजे नकलेतून काहीच मिळत नाही असे नाही. मूळ चित्रासमोर, ते जिथे आहे तिथे जाऊन, दिवसच्या दिवस बसून केलेली नक्कल आणि छापील तक्त्यावरून अर्ध्या तासात उतरवलेला नमुना यांना एकच शब्द वापरावा लागतो, हे भाषेचे दारिद्र्य आहे.

आता पन्नास-साठ वर्षे पुढे आणि मुंबईपासून उत्तरेला, समुद्रकाठच्या बोर्डीला येऊ. हे गाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, २०१४ पासून पालघर जिल्ह्यातले. इथे चित्रकला हा मुख्य विषय नाही, पण परक्या संस्कृतीतली वस्तू शिक्षकाच्या हाती कशी द्यावी, याचा आमच्या माहितीतला सर्वांत धाडसी प्रयोग इथेच झाला.

ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात सामील झाल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. या सगळ्या कामाचा पाया होता इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत. तिची साधने नेमकी, सुबक आणि महागडी. त्यांतला गुलाबी मनोरा बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. १ सेंटिमीटर बाजूच्या घनापासून १० सेंटिमीटर बाजूच्या घनापर्यंत दहा लाकडी घन. बाजू दहापट होते तेव्हा घनफळ हजारपट होते, आणि हे मूल आकडे न शिकता तळहाताने शिकते. कल्पना विलक्षण आहे. पण १९४५ साली ताराबाई आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ बोर्डीला आल्या तेव्हा समोर होती हरिजनवाड्यातली आणि वारली पाड्यांवरची मुले. ती शाळेत येतच नव्हती. म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली गेली, तिला नाव मिळाले अंगणवाडी. पुढे १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

अंगणात गुलाबी मनोरा कुठून आणायचा? ताराबाई आणि अनुताईंनी साधने बदलली. बिया, शिंपले, खडे, पाने, माती, बांबूच्या कांड्या. हे सगळे आज 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाने इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातला अवघड भाग आपण विसरतो. लाकडी घनाऐवजी खडे घ्यायचे तर शिक्षिकेला आधी स्वतःला विचारावे लागते की त्या घनात असे काय होते, ज्यामुळे मूल शिकत होते? गुलाबी रंग? गुळगुळीतपणा? की दहा वस्तूंमधला एकाच दिशेने वाढत जाणारा फरक? फरक हे उत्तर सापडले की मग खडे चालतात, चिंचोके चालत नाहीत (ते फार सारखे असतात), आणि लहानमोठी पाने चालतात. खड्यांत एक ते हजार ही नेमकी पट मिळत नाही, ते नुकसान खरे. पण बालवाडीची शिक्षिका म्हणून तयार होणारी बाई स्वतः विचार करू लागते. साधन तिच्या हाती तयार आले असते तर तिला फक्त मांडायचे असते. परकी कल्पना आत शिरली, परके रूप बाहेर राहिले. कित्त्याच्या पद्धतीत नेमके याच्या उलट होते.

आता या लेखाच्या मुख्य माणसाकडे येतो. भास्कर कुलकर्णी हे नाव शिक्षणाच्या इतिहासात सहसा येत नाही. ते शिक्षक नव्हतेच, चित्रकार होते.

उत्तर बिहारच्या मिथिला भागात लग्नघरात कोहबर रंगवतात. ज्या खोलीत वधूवर पहिल्या रात्री राहतात तिच्या भिंतीवर घरातल्या बाया कमळाची पाने, बांबू, मासे, पोपट काढतात. बाहेरच्या जगाला ही चित्रे दिसली ती अपघाताने. १९३४ च्या जानेवारीत बिहारात मोठा भूकंप झाला, घरे फुटली आणि पडझडीची पाहणी करणाऱ्या विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला उघड्या पडलेल्या आतल्या भिंती दिसल्या. त्यांनी १९४९ साली 'मार्ग' या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. पुढे १९६६-६७ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी या बायांच्या हाताला काम मिळावे म्हणून तिकडे कागद पाठवले, आणि कागदांबरोबर गेले मुंबईचे भास्कर कुलकर्णी. काम एवढेच की भिंतीवर जे काढता ते कागदावर काढा, असे बायांना सांगायचे आणि ते करायला धीर द्यायचा.

त्यांच्या जागी एखादा कसलेला चित्रकला शिक्षक गेला असता तर काय झाले असते, याची कल्पना करावी. त्याने शरीराचे प्रमाण दाखवले असते, दूरचे लहान काढायला शिकवले असते, किमान रंगसंगती तरी सुधारली असती. कुलकर्णींनी मिथिलेच्या बायांना मुंबईची चित्रकला शिकवली नाही. त्यातून जितवारपूरच्या जगदंबादेवी आणि सीतादेवी, रशीदपूरच्या गंगादेवी ही नावे पुढे आली. गंगादेवी १९८५ साली भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या. तिथल्या जत्रेतला उंचसखल रुळांवरून धावणारा पाळणा त्यांनी पाहिला आणि परतल्यावर तो कागदावर काढला तो मिथिलेच्या बारीक रेघांच्या शैलीतच. कोहबराच्या भिंतीत तो पाळणा कधीच नव्हता. तो काढण्यासाठी त्यांना अमेरिकी चित्रकाराकडे पाहावे लागले नाही, आणि जुना नमुनाही पुन्हा गिरवावा लागला नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेच कुलकर्णी डहाणू भागातल्या वारली पाड्यांवर आले. इथले चित्र म्हणजे लग्नाचा चौक. लग्नाआधी सवाशिणी झोपडीच्या आतल्या भिंतीवर तो काढतात. भिंत कुडाची, तिच्यावर गेरूचा किंवा शेणामातीचा हात. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. कुंचला म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. चौकटीच्या आत पालघट देवी. लग्न लावते ती धवलेरीही बाईच. चौक नाही तर लग्न नाही. आपल्या प्रकल्पवहीवर नाचणारी माणसे त्या चौकाच्या बाहेरची, वऱ्हाडी मंडळी आहेत. आपण वऱ्हाड उचलून आणले आणि नवरीला मांडवातच ठेवून आलो.

गंजाडजवळच्या पाड्यावर कुलकर्णींना जिव्या सोमा मशे भेटले. मशे पुरुष असून चित्रे काढत, लग्न नसतानाही काढत. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे बंद झाले आणि धुळीत रेघा ओढून ते सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. कागद आला आणि मशे चौकातून बाहेर पडले. मासे धरायचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. अख्खा कागद बारीक रेघांच्या जाळ्याने भरलेला, आणि जाळे हलते आहे असा भास. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे जोड प्रदर्शन झाले होते. लाँग चालता चालता वाटेवरच्या दगडांची आणि मातीची वर्तुळे मांडतात, तर तारपानाचाचे वर्तुळ मशे यांच्या हातात कायमचे बसलेले. दोघे शेजारी उभे राहिले, कुणी कुणाचे उतरवले नाही.

ही गोष्ट नुसती गोड करून सांगणे बरोबर नाही. जे काम बायांचे होते ते बाजार आल्यावर मोठ्या प्रमाणात पुरुषांकडे गेले. चौकाचे देवत्व कागदावर उरले नाही, आणि मागणी वाढली तसे खुद्द पाड्यांवरही ठराविक साच्याचे वारली निघू लागले. कोरा कागदही निष्पाप नसतो. तरी कित्ता आणि कोरा कागद यांत निवडायचे झाले तर आमचे मत कागदाच्या बाजूने आहे, मात्र कागद देणाऱ्याला समोरच्याचा चौक माहीत असला पाहिजे, या अटीवर.

ही अट छात्राध्यापकांना कशी पुरी करता येईल? इथे विज्ञानाचा माणूस थोडा कामाला येतो. गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी इथल्या काही छात्राध्यापकांबरोबर आम्ही चौक 'उतरवण्या'ऐवजी त्याचे साहित्य करून पाहिले. तांदळाची पातळ पेस्ट गेरूवर काडीने ओढली की पहिला धक्का बसतो. रेघ नीट दिसतच नाही. ओली असताना ती मळकट, अर्धवट पारदर्शक असते. वाळेल तशी पांढरीशुभ्र होत जाते. असे का? तांदळाच्या स्टार्चचा वक्रीभवनांक सुमारे १.५३, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळजवळ १. कणांभोवती पाणी असते तोवर दोन माध्यमांतला फरक कमी, म्हणून प्रकाश कमी विखुरतो आणि मागचा गेरू दिसत राहतो. पाणी उडून त्या जागी हवा आली की फरक वाढतो, विखुरणे वाढते आणि रेघ पांढरी दिसते. ओली वाळू काळपट आणि कोरडी वाळू फिकी दिसते त्याचेही मुख्य कारण हेच. म्हणजे चौक काढणारी बाई आधी काढते आणि तिला तो पुरता दिसतो नंतर. खोडरबर नाही, दुरुस्ती नाही. तिच्या आकृत्या सरळ रेघ, त्रिकोण आणि वर्तुळ यांच्या का असाव्यात, याचा एक धागा इथे हाती लागतो, असे एका छात्राध्यापकाने सुचवले. ते पूर्ण उत्तर नाही, पण तक्त्यावरून नाचणारी माणसे उतरवताना हा प्रश्नच पडला नसता.

दुसरा प्रश्न तांदळाचाच. चित्राला तांदूळच का? मिथिलेतले अंगणातले अरिपनही तांदळाच्या पिठीचे, बंगालची अल्पना तशीच, तमिळनाडूचे कोलमही तांदळाच्या पिठाचे. घाटावर मात्र आपली रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे दगडाची. भाताचा मुलूख आणि ज्वारीचा मुलूख यांचा नकाशा काढून त्यावर ही चित्रे मांडायला सांगितली तर भूगोलाचा एक तास सहज रंगतो.

आणि मग पिंपरी-चिंचवडचा वर्ग. इथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठीच्या दशकात मोटारींचे कारखाने आले, पुढे चाकणपर्यंत पट्टा पसरला, आणि कामामागून माणसे आली. मराठवाड्यातून, खानदेशातून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारातून. ज्या मिथिलेला जायला भास्कर कुलकर्णींना आगगाडीचा लांब प्रवास करावा लागला तिथली मुले आता इथल्या बाकांवर बसलेली असू शकतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात, तिसरीच्या आजीला चैत्रांगण येते. एका छात्राध्यापिकेने सरावपाठात नमुन्याचा तक्ता लावलाच नाही. घरात लग्न किंवा सण असला की कोण, कुठे, कशाने काय काढते, ते विचारून या, असे तिने मुलांना आदल्या दिवशी सांगितले. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने 'आमच्याकडे काही काढत नाहीत' असे उत्तर आणले. उरलेल्या निम्म्यांनी जे काढून दाखवले त्यात दोन चित्रे सारखी नव्हती, आणि ती पाहिल्यावर पहिल्या निम्म्यांपैकी काहींना गावाकडची ओटी आठवली. तिच्या टाचणवहीवर मात्र 'नमुना तक्ता नाही' असा शेरा आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांत मिसळून शिकवण्याचा आग्रह आहे, पण शेरा लिहिणाऱ्याच्या हातात अजून जुनाच कित्ता आहे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी. मूठभर तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावेत. पेस्ट ताकाएवढी पातळ हवी. चिमूटभर डिंक घातला तर वाळल्यावर कण झडत नाहीत. पेस्ट उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा त्याच दिवशी वापरावी. गेरू किराणा किंवा रंगाच्या दुकानात मिळतो. तो पाण्यात कालवून जाड खाकी कागदाला दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावा. काडी बांबूची, टोक दगडाने ठेचलेले. वर्गात वारली चित्राचा तक्ता असेल तर तो त्या दिवशी उलटा करून ठेवावा.